मिड-इंजिन गाडीत नवीन इंजिन टाकलं आणि गाडी परत परत तापते : आमच्या एमआर-टूचं दुखणं नेमकं कुठे होतं

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. टोयोटा एमआर-टू, १९८७ ची, पहिल्या पिढीची, एडब्ल्यू-इलेव्हन म्हणतात ती. मामांची गाडी, कितीतरी वर्षं जळगावात पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन सीटांच्या मागे आडवं, रेडिएटर पुढे नाकात. मूळचं १.६ लिटरचं फोर-ए-जीई इंजिन होतं, पण मधल्या काळात कोणीतरी बोअरिंगचं पाणी ओतत राहिलं आणि आपल्याकडचं पाणी कसं जड आहे ते माहीतच आहे, आतून क्षाराची पपडी धरून ब्लॉक गेला तो गेलाच. त्याचे पार्ट इकडे मिळणं म्हणजे वर्षभर वाट बघणं. म्हणून २००६ च्या एका ठोकलेल्या अल्टिसचं १.८ लिटरचं वन-झेडझेड-एफई इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं सोबत घेतलं. हे इंजिन मधे बसवायला काही वावगं नाही, टोयोटाने स्वतः १९९९ मध्ये आलेल्या तिसऱ्या एमआर-टूमध्ये याच जातीचं इंजिन सीटांच्या मागे टाकलं होतं. इंजिन धरणारे माउंट एमआयडीसीत बनवून घेतले, गिअरच्या केबली जमल्या, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. तिथपर्यंत आनंदीआनंद होता.

आता दुखणं. सकाळी सहाला भुसावळपर्यंत जाऊन या, टेंपरेचरचा काटा हलत नाही. दुपारी धुळ्याकडे निघा, पारोळा सोडलं की काटा हळूहळू चढायला लागतो, स्पीड कमी केला की उतरतो, मग एकदम उडी मारतो. घरी येऊन कूलंटमधली, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातली, हवा काढायची, दोन दिवस गाडी एकदम शहाणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं आम्ही अख्खा एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा केलं. रेडिएटरची जाळी नवी भरली, दोन्ही फॅन बदलले, थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या टेंपरेचरला सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, वॉटर पंप बदलला, वीस-बावीस हजार गेले आणि फरक शून्य. ज्यांना ज्यांना दाखवलं ते सगळे रेडिएटरकडेच बोट दाखवायचे, आणि मी पण तेच धरून बसलो होतो.

तुमच्या गाडीत हे होत असेल तर सगळ्यात आधी एकच गोष्ट नक्की करा, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग, ठीक आहे ना. बाकी सगळं नंतर. हे इंजिन हेडपासून ब्लॉकपर्यंत अॅल्युमिनियमचं आहे, दोन-तीनदा जोरात तापलं की हेड वाकतं. टेस्ट सोपी आहे, निळं केमिकल असलेली नळी मिळते, ती फिलरच्या, म्हणजे कूलंट भरायच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवायचं, सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. अजून एक खूण म्हणजे रात्रभर थंड झालेल्या गाडीचा होज सकाळी दाबून बघा, तो तेव्हाही फुगलेला आणि कडक असेल तर गॅस्केटचा संशय घ्या. आमचा होज सकाळी मऊ, केमिकल निळंच्या निळं. म्हणजे हवा सिलिंडरमधून येत नव्हती, दुसरीकडून येत होती.

हवा आहे हे कसं ओळखलं ते पण सांगतो. हीटर फुल गरमवर लावला की कधी भट्टीसारखी हवा, अर्ध्या मिनिटात एकदम गार, परत गरम. डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखा खळखळ आवाज. आणि ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं छोटं यंत्र लावून मोबाइलवर टेंपरेचर बघत गेलो तर आकडा ९१, ९३, ९४ आणि मग एकदम १०८, पाण्याचं टेंपरेचर असं उड्या मारत वाढत नाही, सेन्सरच्या भोवती आधी हवा असते आणि मग उकळतं पाणी येतं तेव्हाच असा आकडा उडतो. ही उडी दिसली तर गाडी तिथेच बाजूला घ्या, अजून दोन किलोमीटर जाऊ म्हणू नका, कारण सेन्सर हवेत असताना काटा खोटं बोलतो, गाडी तापलेली असते आणि काटा थंड दाखवतो.

आता मिड-इंजिन गाडीत हे का होतं. पुढे इंजिन असलेल्या गाडीत रेडिएटर आणि इंजिन एकमेकांना चिकटून, होज हातभर. अल्टिसमध्ये सगळं मिळून साडेसहा लिटर कूलंट बसतं. आमच्या एमआर-टूमध्ये बाराच्या वर गेलं, मी लिटरच्या मापाने ओतलंय. एवढं पाणी कुठे राहतं, तर गाडीच्या पोटाखालून पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या दोन लांब पाइपांमध्ये. पाणी इंजिनातून निघतं, खाली उतरतं, जमिनीच्या जवळून पुढे जातं, रेडिएटरमध्ये चढतं, परत उतरतं, परत मागे येऊन इंजिनात चढतं. म्हणजे चढउतार भरपूर, आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर हवा बसायला जागा. टोयोटाला हे ठाऊक होतं म्हणून मूळ गाडीत भरायचं तोंड मागे इंजिनजवळ दिलंय आणि हवा काढायला रेडिएटरवर एक आणि हीटरच्या लाइनवर एक अशा वेगळ्या टोट्या आहेत, त्यांना पारदर्शक नळ्या लावून वर टांगायच्या आणि नळ्यांत पाणी दिसेपर्यंत भरत राहायचं. ही पद्धत मूळ इंजिनासाठी अगदी बरोबर आहे. आपण इंजिन बदललं की मात्र सगळ्यात उंच पॉइंट कुठला हे गणितच बदलतं, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते चोपड्याला. नानांच्या केळीत पाणी कमी चढत होतं म्हणून मी मदतीला गेलो होतो, विहिरीपासून शेवटच्या प्लॉटपर्यंत लांबलचक पीव्हीसी लाइन आहे आणि मधे एका बांधावर ती थोडी उचलून घेतलेली. मोटार जोरात, प्रेशर भरपूर, तरी पुढे पाणी धड जात नाही. नाना उकिडवे बसले, पाइपला कान लावला आणि म्हणाले, "पानी बराबर शे रे, हवा कोठे अडकी राहिनी ते देख. उंच जागावर हवाच बसस." मग त्या उचललेल्या जागेवरचा जाम झालेला एअर व्हॉल्व्ह खोलला, फुस्स करून हवा गेली आणि दोन मिनिटांत शेवटच्या ड्रिपच्या नळ्या टपटप करायला लागल्या. मी तिथेच उभा होतो आणि मला माझी गाडी दिसत होती.

घरी आल्या आल्या मागचं झाकण उघडलं आणि लेव्हल-पट्टी घेऊन बसलो. अल्टिसच्या इंजिनाचं गरम पाणी बाहेर पडायचं तोंड आणि एमआर-टूचे मूळ पाइप समोरासमोर येत नव्हते, म्हणून आम्ही होज गिअर केबलच्या ब्रॅकेटवरून वळवून घेतला होता, दिसायला एकदम सफाईदार काम. तो होज ब्रॅकेटवरून जाताना कमान करत होता, आणि कमानीचा माथा फिलरच्या तोंडापेक्षा जवळपास चार बोटं वर होता. चार बोटं. म्हणजे आम्ही फिलर काठोकाठ भरला, नळ्या टांगल्या, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं तरी त्या कमानीत हवा राहणारच होती, कारण पाणी आपल्या लेव्हलच्या वर कशाला चढेल. गाडी हळू चालली की हवा तिथेच बसून राहायची, हायवेला पंप जोरात फिरला की तिचा एक गोळा सुटून पुढे जायचा आणि तीच ती उडी.

उपाय दोन आहेत. होज खालून घेता आला तर कमान काढून टाका, फुकटात काम होतं. आमच्याकडे खाली सायलेन्सरचा पाइप होता म्हणून दुसरा उपाय केला, इंजिनच्या खोलीत सगळ्यात उंच जागी छोटी टाकी बसवली, त्याला हेडर टँक म्हणतात. दीड लिटरची, अॅल्युमिनियमची, आर्गन वेल्डिंगने बनवून घेतली. तिच्यावर तीन तोंडं पाहिजेत. इंजिनच्या गरम पाण्याच्या तोंडाच्या माथ्यावरून एक बारीक नळी, ६ मिलीमीटरची, टाकीच्या वरच्या भागात. रेडिएटरच्या वरच्या टोटीवरून तशीच दुसरी बारीक नळी. आणि टाकीच्या तळातून १९ मिलीमीटरचा जाड होज सरळ पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला. गाडी चालू असताना बारीक नळ्यांतून थोडं पाणी आणि सोबत हवा टाकीत येते, हवा वर राहते, निव्वळ पाणी खालून पंपाला जातं. बारीक नळ्या जाड करू नका, नाहीतर पाणी रेडिएटरला न जाता इथूनच फिरत बसेल. आणि टाकीचा तळ कमानीच्या माथ्याच्या वर आहे ना ते डोळ्याने नको, पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, गवंडी लेव्हल काढतात तसं. प्रेशरचं झाकण या टाकीवर आलं, फिलरवर साधं बंद झाकण. प्रेशर झाकण पण नवीन घ्या, ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास जाऊन उकळतं, आणि झाकणाचं रबर गेलेलं असेल तर शंभरलाच खेळ संपतो.

इथे मला वाटलं झालं काम. पण नाही. उड्या बंद झाल्या, हीटर सरळ झाला, पण आठ-दहा दिवसांत टाकीतली लेव्हल कमी, खाली थेंब नाही, धूर नाही, तेलात पाणी नाही. हा दुसरा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण मला यात जास्त त्रास झाला.

इंजिन गरम झालं की कूलंट फुगतं आणि जास्तीचं झाकणातून बाजूच्या बाटलीत जातं. रात्री थंड झालं की आत ओढ तयार होते आणि बाटलीतलं कूलंट परत आत यायला पाहिजे. हे रोज व्हायला पाहिजे. बाटलीवर स्केचपेनने रेघ मारा, गाडी गरम असताना एक, सकाळी थंड असताना एक. आमच्या बाटलीत गरम झाल्यावर पाणी चढायचं पण सकाळी खाली यायचंच नाही. म्हणजे रात्री थंड होताना सिस्टिम पाण्याऐवजी कुठून तरी हवा ओढत होती. दररोज थोडी, चहाच्या कपाएवढी म्हणा, आणि दोन-तीन दिवसांत ती जमून गाडी तापवायची. हेडर टँकच्या आधीचं ते "दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी परत" इथून येत होतं.

प्रेशर टेस्टर लावून थंड गाडीत एक बार भरला होता, वीस मिनिटं काटा हलला नव्हता, म्हणून आम्ही सगळे जॉइंट पास धरले होते. तीच चूक. आतून दाब दिला की होज पाइपवर घट्ट बसतो, पण आतून ओढ लागली की ओठासारखा उचलला जातो. मग वेगळी टेस्ट केली. गाडी थंड, झाकण उघडं, एकाने रेस ३,००० वर धरून ठेवायची, आणि मी खाली झोपून परतीच्या पाइपाच्या प्रत्येक जॉइंटवर निरम्याचा दाट फेस लावत गेलो. तिसऱ्या जॉइंटवर, डाव्या चाकाच्या पुढे, फेस बसायचा आणि क्लॅम्पच्या खाली निघून जायचा, परत लावला परत आत. क्लॅम्प काढला तर होजच्या आत गुलाबी रंगाची वाळलेली बारीक रेघ, मोहरीएवढ्या कणांची, आणि पाइपाचं टोक गुळगुळीत सरळ. आम्ही जोडकामाला जो स्टीलचा तुकडा घेतला होता त्याच्या टोकाला मणी काढलाच नव्हता. मणी म्हणजे पाइपाच्या तोंडाजवळ जी गोल उंचवटी असते ती, होज तिच्या मागे धरतो. सरळ पाइपावर क्लॅम्प कितीही आवळा, गरम-थंड होऊन होज ढिला पडतोच. सगळे जोड-तुकडे काढले, प्रत्येकाला मणी मारून घेतला, लेथवाल्याने अर्ध्या तासात दिले. स्क्रूचे पट्टी-क्लॅम्प काढून रुंद क्लॅम्प टाकले. त्या दिवसापासून बाटली बरोबर काम करते.

तिथे खाली झोपलेले असालच तर अजून एक बघा. रेस ४,००० ला धरली की पंपाकडे जाणारा होज चपटा होतो का. लांब पाइपामुळे पंपाला ओढायला जोर लागतो, होज जुना मऊ असेल तर चिमटतो आणि नेमकं हायस्पीडला पाणी कमी पडतं. आत स्प्रिंग असलेला किंवा जाड होज टाका.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं. "काढून फेकून दे, आपल्या गर्मीत कशाला पाहिजे" हा सल्ला तुम्हाला दहा ठिकाणी मिळेल, मला पण मिळाला. काढू नका. या इंजिनात थर्मोस्टॅट पाणी आत यायच्या बाजूला आहे, ८०-८४ डिग्रीला उघडायला लागतो, आणि त्याला गरम पाणी मिळतं ते हीटर आणि बायपासच्या लाइनमधून. म्हणून इंजिन टाकताना हीटरचे होज नकोत म्हणून बुजवले असतील तर थर्मोस्टॅटला फक्त पुढून आलेलं गार पाणी लागतं, त्याला वाटतं सगळं थंड आहे, तो उघडतच नाही आणि इंजिन वर तापत राहतं. हीटरची लाइन जिवंत ठेवा, हीटर नको असला तरी दोन्ही टोकं जोडून पाणी फिरतं ठेवा. आणि सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांत आकडा थोडा वर-खाली झाला तर घाबरू नका, पोटाखालच्या पाइपातलं गार पाणी एकदम इंजिनात येतं म्हणून तसं होतं, मग स्थिर होतो.

फॅनची एक गोष्ट. वायरिंग नवीन केली असेल तर फॅन उलटा फिरत नाही ना बघा, दोन वायरी उलट लागल्या की फॅन फिरतो, आवाज करतो, हवा मात्र पुढे फेकतो. वर्तमानपत्राचा कागद नाकाच्या जाळीसमोर धरा, चिकटला तर बरोबर. नाकाखालचा प्लॅस्टिकचा पत्रा काढून टाकला असेल तर परत लावा, तो नसला की रेडिएटरमधून निघालेली गरम हवा खालून वळून परत पुढेच येते.

कूलंट भरताना बोअरिंगचं पाणी चुकूनही नको, टोयोटाचं लाल कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरसोबत अर्धं-अर्धं, गुलाबी बहुतेक आधीच पाणी मिसळून येतं, डब्यावर बघा आणि तसं असेल तर सरळ ओता, दोन रंग एकत्र करू नका. मागची चाकं फळीवर घ्या म्हणजे टाकी अजून वर येते, हीटर फुल गरम, पुढची टोटी उघडी, आणि सावकाश ओता, घाई केली की पाणी हवेला कोंडतं. होज हाताने पिळत राहा. टोटीतून बुडबुड्याशिवाय सलग धार आली की बंद. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी परत भरा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, हाताचं कातडं जातं, मी बघितलंय.

पेट्रोलचं एकच सांगतो, अल्टिसच्या इंजिनाला परतीची लाइन नसते, प्रेशर तीन बारच्या वर लागतं आणि ते सांभाळणारा रेग्युलेटर टाकीतल्या पंपासोबत येतो. एमआर-टूची टाकी मधल्या बोगद्यात आहे आणि तिची पद्धत जुनी, परतीच्या लाइनची, तेव्हा रेग्युलेटर बाहेर लावावा लागतो. तो इंजिनच्या गरम खोलीत लावू नका, पेट्रोलच्या लाइन सायलेन्सरपासून लांब घ्या आणि वरून उष्णता अडवणारं कव्हर चढवा.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबरची नोंद लागतेच. आम्ही परवानगी न घेताच इंजिन टाकलं असतं तर विमा गेला असता. ठोकलेल्या गाडीचं इंजिन घेताना पक्कं बिल, जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबरचा फोटो घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. भंगारातलं बिनकागदाचं इंजिन दहा हजाराने स्वस्त मिळेल पण गाडी कायम शेडमध्येच राहील.

मे महिन्यात मुद्दाम दुपारी एकला निघून चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढलो, बाहेर ४४ डिग्री, घाटात ट्रकांची रांग, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. आकडा ९६ वर गेला, फॅन लागला, ९१ ला आला, परत ९५. वर पोचल्यावर दहा मिनिटं गाडी चालू ठेवली आणि मग बंद केली. इंजिनच्या खोलीत उष्णता अजून साचते, त्यासाठी मागे छोटा फॅन आणि बंद केल्यावर चार मिनिटं चालणारा टायमर लावायचाय, ते काम राहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बाटली बघितली. कूलंट खालच्या रेघेवर होतं.